ईमच्या वेशीवरचा दगड

इंग्लंडमधल्या स्टोनी मिडलटन गावाहून शेतातल्या पायवाटेने ईमकडे चढत होतो, तेव्हा वाटेतच तो दगड लागला. दिसायला अगदी साधा, वर सहा भोकं. एका भोकात बोट घालून पाहिलं, कडा पार गुळगुळीत झाल्या आहेत. १६६६ साली, ईममध्ये प्लेग होता तेव्हा, या भोकांत रोग पसरू नये म्हणून व्हिनेगर असायचं आणि त्यात बुडवलेले पैसे. खालच्या गावचे लोक धान्य ठेवून पैसे उचलून न्यायचे. कुणी कुणाच्या समोर यायचं नाही.

डर्बीशायरच्या डोंगरातलं हे एवढंसं गाव. सप्टेंबर १६६५ मध्ये इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज विकर्स या कारागिराने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यातल्या पिसवांनी प्लेग आणला, असं सांगतात. ७ सप्टेंबरला जॉर्ज गेला. पुढच्या उन्हाळ्यात चर्चचे पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला साकडं घातलं: वेस ओलांडायची नाही, रोग बाहेर जाऊ द्यायचा नाही. ते गावात नवे होते, लोक त्यांचं ऐकेनात. तेव्हा त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली पाठीशी उभे राहिले. धर्माच्या नव्या कायद्यापुढे मान तुकवली नाही म्हणून पद गमावलेला हा माणूस. पण गावाचा जीव त्याच्यावर होता. स्टॅन्लींचं नाव मॉम्पेसन यांच्याइतकं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटलं.

गाव थांबलं. नोव्हेंबर १६६६ पर्यंत सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे, आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रूसाजवळच.

पण मला खरी ओढ होती ती गावाबाहेरच्या रायली कबरींची. चढ चढून गेलं की उघड्या शेतात दगडी कुंपणाचं एक रिंगण दिसतं. आत हॅनकॉक कुटुंबातली सात माणसं. एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा आणि सहा मुलं आठ दिवसांत गमावली. मदतीला कोण येणार? तिने एकटीने खड्डे खणले, एकेकाला ओढत आणून पुरलं. ती स्वतः मात्र वाचली.

मी वाकून दगडांवरच्या तारखा वाचत गेलो. ३ ऑगस्ट. ७ ऑगस्ट. ९. १०. आतलं गवत नुकतंच कापलेलं होतं. कुंपणापलीकडे खाली दरीतून स्टोनी मिडलटनची घरं स्पष्ट दिसत होती. तिलाही दिसत असणार.