सिकलसेलचा रिपोर्ट आणि अकरा दिवस

कॉलेजच्या सिकलसेल (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी शिबिरात ताईंनी बोट टोचलं, रक्ताचा थेंब नळीत सोडला आणि नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरली. पाणी गढूळ झालं, मागच्या रेघा दिसेनात. "पॉझिटिव्ह येतेय. एचपीएलसी ही रक्ताची पक्की तपासणी करून घे, मग नक्की कळेल." हे दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. चिठ्ठीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दोन महिन्यांवर माझं लग्न होतं.

तासाभरात भंडाऱ्याच्या मावशीचा फोन. "काहून वं, इतके दिवस लपवून ठेवलं?" कोणी बीट-गूळ सांगितलं, कोणी तीन महिन्यांत सिकलसेल मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात पाठवली. आईने त्याच दिवशी लोहाच्या गोळ्या आणल्या.

एचपीएलसीसाठी नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. "चार दिवसांत मोबाईलवर लिंक येईल." आली नाही. पाचव्या दिवशी वेबसाईटवर पावती नंबर टाकला, तर ओटीपी मागितला आणि तो माझ्या फोनवर येईचना. काउंटरवर गेले. "सिस्टीममध्ये जो नंबर आहे त्यावरच जाते मॅडम. बदलायचा तर हेड ऑफिसला मेल करा." मेल केला. दोन दिवसांनी उत्तर, आधार जोडा. जोडलं. पुन्हा शांतता. पुन्हा काउंटर, पुन्हा तेच वाक्य, मान वर न करता. माझा रिपोर्ट तिथे समोरच्या कॉम्प्युटरमध्ये आणि मी बाहेर बाकावर! आजही आठवलं की संताप होतो.

त्या रात्री मी काय काय वाचलं! "सिकलसेल पॉझिटिव्ह" शोधलं की असह्य वेदना, वारंवार रक्त चढवणं, कमी आयुष्य. ते सगळं एसएस रुग्णांबद्दल होतं, म्हणजे ज्यांना आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचा जनुक आलाय. शिबिरातली तपासणी रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस आहे एवढंच सांगते. एएस वाहक (जनुक एकाकडूनच आलेला, स्वतः रुग्ण नसलेला) की एसएस रुग्ण, हे त्या गढूळ पाण्यावरून कळत नाही. हे कुठेतरी लिहिलेलं असेलही, पण घाबरलेला माणूस तिथपर्यंत पोहोचत नाही.

अकराव्या दिवशी मी हट्टाने माझा हाताने भरलेला फॉर्म काढायला लावला. माझ्या नंबरातला १ त्यांनी ७ वाचला होता. पावतीवरही ७ छापलेला, मी पाहिलाच नव्हता. मग थेट आतल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना भेटायचं म्हटलं. त्यांनी ओळखपत्र पाहिलं आणि पाच मिनिटांत सहीची प्रिंट हातात दिली. ही प्रिंट रिपोर्ट तयार होताच मागता येते, हे मला कोणी सांगितलं नाही. म्हणून मी सांगतेय: मागा. आणि पैसे देतानाच पावतीवरचा मोबाईल नंबर वाचा.

नेहमीचं हिमोग्लोबिन ए ५८ टक्के, एस ३७. एएस, म्हणजे वाहक. बाकावर बसून मी रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. एसएसमध्ये ए जवळपास नसतंच. पण नुकतंच रक्त चढवलं असेल तर दुसऱ्याचं ए दिसतं, म्हणून मागच्या तीन महिन्यांत रक्त घेतलं असेल तर तपासणीआधी सांगायलाच हवं. आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या थांबवल्या: आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, कमी असेल तरच. वाहकाला सिकलसेलसाठी औषध लागत नाही, चूर्ण तर नाहीच.

होणाऱ्या नवऱ्यालाही तपासायला नेलं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. त्याचा एए आला, म्हणजे वाहकही नाही. त्याच्या पावतीवरचा नंबर मी दोनदा वाचला होता.

माझी प्रिंटही मी ग्रुपवर टाकली, "एएस, वाहक" याखाली लाल रेघ ओढून. पहिला फोटो मात्र अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात गोंदियाहून एका काकूंचा फोन आला, पोरीची तब्येत आता कशी आहे म्हणून. त्यांना दुसरा फोटो पाठवला.