न्यूनहॅम: केंब्रिजमध्ये असून केंब्रिजबाहेर

केंब्रिजला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी किंग्ज कॉलेजचं चॅपल बघतात, होडीत बसतात आणि चारच्या गाडीने लंडनला परततात. त्यांना दोष देववत नाही. किंग्ज परेडवर होडीचे दलाल असे मागे लागत की त्यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठीच माणूस होडीत बसे. माझं मत विचाराल तर तो तास आणि ते पैसे वाचवावेत, सिल्व्हर स्ट्रीटचा पूल ओलांडावा (उजव्या हाताला क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल फुकटात दिसतो), पुढचा मोठा रस्ता पार करून रिडले हॉलच्या बाजूने डावीकडे वळावं आणि न्यूनहॅम वॉकवर यावं. पुलापासून जेमतेम दहा मिनिटं. तिथे न्यूनहॅम कॉलेज आहे. १८७१ पासून फक्त बायकांचं, आणि आजही.

कॉलेजच्या जन्माची हकीकत साधी आहे. १८७० साली केंब्रिजमध्ये बायकांसाठी व्याख्यानं सुरू झाली. बाहेरगावच्या मुलींनी राहायचं कुठे, हा प्रश्न आला. ट्रिनिटी कॉलेजात शिकवणारे हेन्री सिजविक यांनी रीजंट स्ट्रीटवर एक घर भाड्याने घेतलं आणि अ‍ॅन क्लफ या एक्कावन्न वर्षांच्या बाईंना पाच मुलींची जबाबदारी घ्यायला बोलावलं. हेच सिजविक दोन वर्षं आधी इंग्लंडच्या चर्चच्या धर्ममतांवर सही ठेवणं मनाला पटेना म्हणून आपल्या फेलोशिपचा, म्हणजे कॉलेजातल्या मानाच्या अध्यापकपदाचा, राजीनामा देऊन बसले होते. न्यूनहॅममध्ये चॅपल नाही, ते उगाच नाही. केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत हे इतकं दुर्मीळ आहे की बाकीची चार कॉलेजं बघून आलेल्या माणसाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

१८७५ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या जमिनीवर पहिली इमारत उभी राहिली. बेसिल चँपनीज हा वास्तुविशारद पुढची कित्येक वर्षं एकेक इमारत जोडत गेला. लाल वीट, पांढऱ्या चौकटींच्या मोठ्या खिडक्या, वळणदार डच त्रिकोणी माथे. पुरुषांची कॉलेजं किल्ल्यासारखी: बाहेर भिंत, आत चौक, आणि चौकातून वर जाणारे सुटे जिने. प्रत्येक जिन्यावर चार-सहा खोल्या, आणि एका जिन्यावरून दुसऱ्यावर जायचं तर आधी खाली उतरून पावसात यायचं. न्यूनहॅममध्ये जिन्यांऐवजी लांबच लांब कॉरिडॉर आहे. इमारती बागेच्या कडेने पसरल्यात आणि कॉरिडॉर त्या सगळ्यांना आतून जोडतो, म्हणजे मुलींना पाय न भिजवता जेवणघरापर्यंत जाता येतं. सुखसोय खरीच, पण त्याच कॉरिडॉरमुळे कोण कधी आलं, कोण कुणाच्या खोलीत गेलं हेही सगळ्यांना कळणार. आपल्याकडच्या मुलींच्या वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

बागेबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. इतर कॉलेजांत ‘गवतावर चालू नये’ या पाट्यांचा वैताग येतो. तिथे हिरवळ फेलोंसाठी राखीव. न्यूनहॅमच्या मुली वर्षातला बहुतेक काळ हिरवळीवर पसरून वाचत असतात.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो: न्यूनहॅम वॉकवरचं दार. फायफर इमारतीच्या कमानीत अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेले कांस्याचे नक्षीदार दरवाजे आहेत. बघणारा एक फोटो काढून पुढे जातो, आणि तिथे थांबायला सांगणारं कुणी भेटत नाही.

हे दार कळायला परीक्षांची भानगड कळावी लागते. सुरुवातीला मुलींना विद्यापीठाची ट्रायपॉस, म्हणजे पदवीची, परीक्षा द्यायचा हक्कच नव्हता. परीक्षकांनी मेहेरबानी केली तर प्रश्नपत्रिका मिळायची. १८७४ मध्ये मेरी पेली आणि एमी बुली या दोघी एका प्राध्यापकाच्या घरच्या दिवाणखान्यात पेपर सोडवायला बसल्या; सेनेट हाउस या विद्यापीठाच्या सभागृहातून प्रश्नपत्रिका धावत आणून देणाऱ्यांत खुद्द सिजविक होते. मेरी पेलीला दोन परीक्षकांनी पहिला वर्ग दिला, दोघांनी दुसरा. निकाल अधिकृत नसल्यामुळे हा तिढा सोडवायची कुणाला गरजच पडली नाही. १८८१ मध्ये परीक्षेचा हक्क मिळाला, पदवीचा नाही. मुलींची यादी पुरुषांच्या यादीनंतर वेगळी वाचायची, आणि त्यांचा क्रमांक सांगायचा तो ‘अमुक आणि तमुक यांच्या मधे’ असा.

आपल्याला रँग्लर म्हटलं की परांजपे आठवतात. कोकणातल्या मुरडीचा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला, झाला आणि सारा महाराष्ट्र हरखला. त्याआधी नऊ वर्षं, जून १८९० मध्ये, सेनेट हाउसमध्ये न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेटचं नाव वाचलं गेलं ते ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं. दुसऱ्यापेक्षा तेरा टक्के जास्त गुण. तरी सीनियर रँग्लर हा किताब गेला तो खालच्या मुलाकडे, कारण तो पुरुषांच्या यादीतला पहिला. फिलिपाचे वडील हेन्री फॉसेट ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानचे प्रश्न इतके मांडत की त्यांना हिंदुस्थानचे खासदार म्हणत. आई मिलिसंट ही न्यूनहॅम उभारणाऱ्यांपैकी एक.

एवढं झाल्यावर तरी पदवी द्यायला काय हरकत होती? हरकत मतदारांची होती. असल्या ठरावावर मत द्यायचा हक्क केंब्रिजच्या प्रत्येक एम. ए. झालेल्या माणसाला, तो विद्यापीठात शिकवतो की खेड्यातल्या चर्चमध्ये पाद्री आहे, हे बघायचं नाही. मात्र स्वतः येऊन मत द्यायचं. मे १८९७ मध्ये मतदान आलं तेव्हा लंडनहून खास गाड्या भरून हे जुने विद्यार्थी उतरले. सेनेट हाउससमोरच्या पुस्तकाच्या दुकानावर सायकल चालवणाऱ्या बाईचा पुतळा टांगला होता. सतराशेवर मतं विरोधात, बाजूने जेमतेम साडेसहाशे. विजयी जमावाने पुतळा खाली ओढला, फाडला आणि उरलेलं न्यूनहॅमच्या दारातून आत कोंबलं.

दुसरी खेप १९२१ ची. ऑक्सफर्डने वर्षभर आधीच पदव्या दिल्या होत्या. केंब्रिजने नकारच दिला आणि तडजोड म्हणून फक्त ‘नावापुरती’ पदवी देऊ केली: नावापुढे अक्षरं लावा, पण विद्यापीठाचं सदस्यत्व नाही, मत नाही, पदवीदानाला प्रवेश नाही, प्रमाणपत्र टपालाने येईल. त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांचा घोळका याच न्यूनहॅम वॉकवर आला आणि मिळालेल्या एका हातगाडीने त्यांनी क्लफ बाईंचे दरवाजे धडका देऊन मोडले. म्हणजे निकाल त्यांच्या मनासारखा लागल्यावर!

बरोबरीची पदवी मिळाली ती १९४८ साली, इंग्लंडात सगळ्यांच्या शेवटी. मुंबई विद्यापीठाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना १८८० च्या दशकातच पदवी दिली होती, हे इथे आठवलं की थोडं हसू येतं. आणि कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आठवल्या की हसू जातं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून आधी प्रवेश नाकारला, तिथे हटून बसून त्यांनी जागा मिळवली. १९३७ मध्ये न्यूनहॅममध्ये दाखल झाल्या, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम केलं आणि चौदा महिन्यांत चाळीस पानांचा प्रबंध देऊन १९३९ मध्ये पीएच. डी. मिळवली. त्या साली केंब्रिजमध्ये बाईची पदवी नावापुरतीच होती. डीएनएची रचना उलगडण्यात वाटा असलेली रोझलिंड फ्रँकलिन त्याच काळात, १९३८ मध्ये, न्यूनहॅममध्ये शिकायला आली. या गावात न्यूटनच्या नावाने सफरचंदाचं झाड दाखवतात, सोहोनींचं नाव मात्र आपणच सोबत घेऊन जावं लागतं.

आत बघायचं तर १८९७ चं येट्स थॉम्प्सन ग्रंथालय बघण्यासारखं आहे, पण ते विद्यार्थिनींसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. हट्ट धरू नये. ते एवढं मोठं का, याचंही कारण दारासारखंच. विद्यापीठाच्या सदस्य नसलेल्या मुलींना विद्यापीठाचं ग्रंथालय हक्काने वापरता येत नव्हतं, म्हणून कॉलेजने स्वतःचं बांधलं. प्रयोगशाळेचंही तेच, बागेतल्या जुन्या लॅबमध्ये आता नाटकं नि गाणी होतात. जाण्याआधी दारावरच्या चौकीत, म्हणजे पोर्टर्स लॉजमध्ये, विचारावं. एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचे दिवस. तेव्हा केंब्रिजची बरीच कॉलेजं दारं मिटून बसतात आणि नेमके तेव्हाच आपले लोक मे महिन्याच्या सुट्टीत तिथे जातात. कॉलेजच्या आयरिस कॅफेमध्ये कुणीही बसू शकतं, आणि किंग्ज परेडवरच्या गर्दीत उभ्याने कॉफी पिण्यापेक्षा ते फार बरं.

बायकांच्या कॉलेजांचा नाद लागलाच तर गर्टन राहतं. एमिली डेव्हिस यांनी ते १८६९ मध्ये हिचिनला सुरू केलं आणि १८७३ मध्ये मुद्दाम केंब्रिजपासून चारेक किलोमीटरवर नेलं, मुलग्यांची ये-जा नको म्हणून. डेव्हिस बाईंचा हट्ट होता की मुलींनी पुरुषांचीच परीक्षा, तेवढ्याच मुदतीत, ग्रीक-लॅटिनसकट द्यावी; क्लफ-सिजविक म्हणत, जिला जे झेपेल ते शिकू द्या. मला दुसरी बाजू माणुसकीची वाटते, पण विरोधकांचं तोंड बंद करायला पहिलीच कामाची होती. गर्टनने १९७९ पासून मुलगे घेतले. तिथे जायचं तर बसने जा. कासल हिलवरून हंटिंग्डन रोडने चालत निघाल्यास तासभर रहदारीचा धूर खावा लागतो आणि त्या रस्त्यावर बघण्यासारखं असं काही नाही.