खोकला की केसांचा गोळा?

आमच्याकडे मांजर आहे हे कळले की एक प्रश्न हमखास येतो: मांजर मधूनमधून खोकते, ते केसांच्या गोळ्यामुळेच ना, की डॉक्टरांना दाखवावे? तुम्हीही तोच विचारलात म्हणून सांगते; मी स्वतः या बाबतीत तीन महिने चुकले होते.

आमची चिमी अंग चोरून जमिनीलगत बसे, मान पुढे ताणी, कोरडा घरघरता आवाज काढी आणि शेवटी घोट गिळून काही न झाल्यासारखी निघून जाई. केस अडकले असतील असे धरून मी तिला केसांवरची पेस्ट चाटवत राहिले. गोळा निघताना मात्र पोट जोरजोरात ढवळते आणि केसांची ओली, लांबट गुंडाळी बाहेर पडते; चिमीच्या बाबतीत फरशीवर कधीच काही पडले नव्हते. खोकल्याअखेरही थोडा फेस येऊ शकतो, त्यामुळे फरक नेहमी ओळखू येतो असे नाही. तेव्हा मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर खोकून दाखवत नाही.

एक्स-रे आणि इतर तपासण्यांनंतर निदान झाले ते दम्याचे. फुप्फुसातले जंत किंवा संसर्ग यांनीही असाच खोकला येतो, म्हणून अंदाजाने औषध देऊ नये. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. चिमीला आता लहान मुलांसारखाच मास्क लावून इनहेलर देतो. देवघरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल दोन्ही बंद झाली, त्यावर सासूबाई अजून थोड्या नाराज आहेत.

एखाद्या वेळी खोकून मांजर नीट खात-खेळत असेल तर लक्ष ठेवावे. खोकला पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. गाढ झोपेतले श्वास मिनिटभर मोजावेत: ते साधारणपणे तिसाच्या आत असतात, आणि सतत 40च्या वर गेले तर त्याच दिवशी निघावे. हृदयविकारात कुत्रा खोकतो, मांजर सहसा खोकत नाही, त्याचा श्वास तेवढा वाढतो. म्हणून खोकला नसला तरी ही मोजणी उपयोगी पडते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे किंवा हिरड्या निळसर, पांढुरक्या दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी थांबू नये, आणि वाटेत पाणी पाजण्यासाठी त्याला धरून ठेवू नये.