निवळीचा टँकर

रात्री सव्वाअकराला अण्णा इनलेटच्या जाळीकडून आले आणि म्हणाले, "दह्यावानी वास येतोय बघ." एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, नाना वास येतात, पण आंबट वास कधी येत नाही. जाऊन बघितलं तर रोजचं राखाडी पाणी पांढरट झालेलं, वर फेस. पीएच सव्वापाच. निवळी, म्हणजे पनीर काढून उरलेलं पाणी! गावाबाहेरच्या एखाद्या मॅनहोलमध्ये कुणीतरी टँकर रिकामा केला होता.

दुधाचंच तर पाणी, त्यात काय, असं कुणालाही वाटेल. पण घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २००-२५० मिलिग्रॅम असतो आणि निवळीचा ३० ते ५० हजार. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे आठ-नऊ हजार माणसांची दिवसभराची घाण, तीही अर्ध्या तासात. आमचा प्लांट रोजच्या ५० लाख लिटरचा. पहिल्या टाकीत हे सगळं उतरलंसुद्धा होतं.

टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे जिवाणू. घाण ते खातात, आम्ही फक्त हवा देतो. दीड तास हवा, पाऊण तास गाळ बसायला, पाऊण तास वरचं नितळ पाणी काढायला, अशी तीन तासांची बॅच. त्या रात्री दोन्ही ब्लोअर लावले तरी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू, ०.२ च्या वर सरकेना. एरवी तो २ च्या आसपास असतो. वेळापत्रकाप्रमाणे पाणी सोडलं असतं, तर राहिलेल्या घाणीला लागणारा प्राणवायू नदीतून ओढला गेला असता. एप्रिल महिना, कृष्णा बंधाऱ्याच्या मागे साचलेली, धार कसली ती नाहीच. तोंड वर काढून तडफडणारे मासे मी लहानपणी घाटावर बघितलेत.

साहेबांना फोन लावला. झोपेतच म्हणाले, "बायपास उघड की. रात्री कोण बघतंय?"

बायपास म्हणजे पाणी शुद्ध न करता थेट नदीत. अण्णांनी त्या गेटची किल्ली खिशात टाकली आणि चुन्याच्या गोण्या आणायला गेले. एवढंच.

मग पहिली टाकी कोंडून धरली. हवा चालू, पाणी सोडायचं नाही, आत घ्यायचंही नाही. सगळी आवक दुसऱ्या टाकीकडे वळवली. मध्यरात्रीनंतर आवक उतरते, तेवढीच सवड. पाच वाजले की गाव उठतं, मोऱ्या वाहायला लागतात. म्हणजे मुदत पाचची. आंबटपणा मारायला चुना कालवून इनलेटला ओतत होतो, दर पंधरा मिनिटांनी मीटर बघत होतो. दोन वाजता ०.२. तीन वाजता ०.३. अण्णा मीटरला शिव्या घालायला लागले, जणू चूक त्याचीच.

चार चाळीसला आकडा हलला. ०.६, ०.९, मग बघता बघता १.८. जिवाणूंचं खाणं संपत आल्याची ती खूण. सव्वापाचला ब्लोअर बंद केले, गाळ बसू दिला. तेवढ्यात पंपिंग स्टेशनवरून फोन, "सांडपाण्याची विहीर भरत आली, वीतभर राहिली, नाल्यात जाईल आता!" त्याला म्हटलं, अर्धा तास कळ काढ. त्यानं कशी काढली, त्यालाच ठाऊक. सहा वाजता वरचं पाणी काढणारा डिकँटर खाली सोडला. पाणी जरा धुरकट होतं, पण वास नव्हता.

बीओडीचं उत्तर लगेच मिळत नाही. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. तिसऱ्या दिवशी निकाल आला १४. आम्हाला मर्यादा १० ची.

साहेबांनी विचारलं, "रजिस्टरला काय लिहिलंस?"

"चौदा."

टँकर कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही. अण्णा मात्र तेव्हापासून रात्री अकराला सायकल काढतात आणि गावाबाहेरची सगळी मॅनहोलं हुंगून येतात.