जिन साकाई आणि आमचे मल्हारबा

शनिवार, रात्री उशिरा

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या जपानी सामुराईच्या व्हिडिओ गेममध्ये वाट दाखवायचं काम वाऱ्याला दिलंय, त्यासाठी माझ्याकडून अर्धे मार्क आत्ताच. कोपऱ्यात गोल नकाशा नाही की रस्त्यावर रंगीत रेघ नाही. टचपॅडवर बोट वर सरकवलं की झुळूक येते, गवत एका अंगाला लवतं, पानं त्याच दिशेला उडत जातात आणि आपण घोडा तिकडे वळवायचा. बाकीच्या ओपन-वर्ल्ड, म्हणजे हवं तिकडे मोकळं फिरायच्या, गेमांत माझी नजर सदा त्या कोपऱ्यातल्या नकाशावर असते, त्यामुळे गाव कसं होतं ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही. इथे डोंगर बघावाच लागतो. लांबवर धूर दिसला की तिथे कुणीतरी अडचणीत. पिवळा पक्षी भोवती फिरायला लागला की जवळपास काहीतरी दडलेलं.

कोल्हे मात्र अती झाले. कोल्ह्यामागे पळत गेलं की तो इनारी देवाच्या इवल्याशा देवळीपाशी नेतो. सुरुवातीला हरखून गेलो होतो, आता कोल्हा दिसला की 'हो बाबा, आलो' असं होतं. मंगोलांच्या तळांचंही तेच. कुंपण, मनोरा, पिंजऱ्यातले कैदी, एक दांडगा सरदार. एक तळ सोडवला की पुढचा त्याच साच्यातला. गावकऱ्यांच्या छोट्या गोष्टींतही पावलांचे ठसे शोधायचे, त्यांच्या मागे जायचं, मारामारी करायची आणि शेवटी कुणीतरी मेलेलं निघायचं. आधीच कळतं हो, कोण मरणार ते.

तलवारबाजी मात्र जोरदार. ढालवाल्यासाठी एक पवित्रा, भालेवाल्यासाठी दुसरा, चालू लढाईत बदलायचा. समोरासमोर ललकारायची सोयही आहे. कंट्रोलरवरचं ट्रँगलचं बटण दाबून धरायचं, समोरचा हूल देत असतो, आणि तो खरंच धावून आला की बोट सोडायचं. त्या दोन क्षणांत आमच्या रामबागेतल्या घरात पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. अण्णाआजोबा मागे खुर्चीवर बसून म्हणत होते, "सोडू नको रे, सोडू नको, अजून नाही." त्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही.

कॅमेऱ्याचं मात्र रडगाणं आहे. गेम २०२० च्या जुलैत आला तेव्हा शत्रूवर नजर खिळवून ठेवायची सोयच नव्हती, ती पुढच्या वर्षी अपडेटमध्ये आली. तरी बांबूच्या बनात चौघांनी घेरलं की पडद्यावर पानंच पानं, आणि तलवार कुठून आली ते मेल्यावर कळतं.

सोमवार

अण्णांना गोष्ट सांगावी लागली, नाहीतर ते खेळू देईनात. १२७४ साली मंगोल त्सुशिमा बेटावर उतरले, हे खरंच घडलेलं. कोमोडाच्या किनाऱ्यावर सो सुकेकुनी हा तिथला अंमलदार ऐंशीएक स्वारांनिशी आडवा गेला आणि मारला गेला. गेममधला नायक जिन साकाई आणि मंगोलांचा खोतुन खान, हे दोघे रचलेले.

गेममध्येही लढाईची सुरुवात कोमोडालाच होते. एक सामुराई रीतीप्रमाणे एकटा पुढे जातो, नाव सांगतो, आव्हान देतो. खान शांतपणे हातातलं मद्य त्याच्या अंगावर उडवतो, आग लावतो आणि मुंडकं उडवतो. तो या लोकांची भाषा शिकून आलाय, रीतही शिकून आलाय, म्हणून तर त्याला ठाऊक आहे की समोरून एकटा माणूस चालत येणार. पुढे सगळे सामुराई किनाऱ्यावर सरळ घोडे घालतात आणि कापले जातात. वाचतात दोघेच, जिन आणि त्याचे काका शिमुरा.

इथून जिन युना नावाच्या चोरटीकडून लपूनछपून मारायला शिकतो. पहिल्यांदा मागून वार करतो तेव्हा काकांची शिकवण आठवते, की माणसाच्या डोळ्यांत बघून मारावं. संगीत गंभीर होतं. खेळणाऱ्याला वाईट वाटावं अशी सगळी व्यवस्था.

आणि मला काही वाटेना! आम्ही लहानपणापासून गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेले. शत्रू दहापट असताना रात्री दोर लावून वर जाणं ही आमच्याकडे अभिमानाची गोष्ट, तिची लाज कसली वाटणार? अण्णा तर उखडलेच. "मग काय, पुढून मरायचं होतं त्याने?"

मग अर्थातच पानिपत निघालं. इंदूरच्या मराठी घरात पानिपत निघायला फार काही लागत नाही. मल्हारराव होळकरांनी भाऊसाहेबांना गनिमी काव्याने लढा म्हणून सांगितलं होतं, असं बखरी सांगतात. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर. पुढे अब्दालीने रसद तोडली, छावणी उपाशी पडली आणि १४ जानेवारी १७६१ ला जे व्हायचं ते झालं. मल्हारबा फौज घेऊन रणांगणातून निघाले. आमचे पुण्याचे जावई दरवेळी 'पळाले' म्हणतात आणि अण्णा दरवेळी ताटावरून उठतात. अण्णांचा हिशेब सरळ आहे. मुलगा खंडेराव कुंभेरीला १७५४ मध्येच गेलेला. पानिपतात बापही पडला असता तर दौलत कुणी सांभाळली असती, आणि अहिल्याबाईंच्या हाती पुढे काय आलं असतं?

मला दोन्ही बाजू पटतात. जावयांसमोर मात्र मी अण्णांचाच.

बुधवार

काल शिमुराचा किल्ला घेतला. काकांचा हट्ट पुलावरून सरळ चढाई करायचा. पुलाचे तुकडे उडाले, माणसं मेली, तरी उद्या पुन्हा तसंच जायचं म्हणतात. जिन रात्री एकटा आत शिरतो आणि मंगोलांच्या ऐरागमध्ये, म्हणजे घोडीच्या दुधाच्या दारूत, बचनागाचं विष कालवतो. सकाळी अंगण प्रेतांनी भरलेलं. काका संतापतात.

इथे पहिल्यांदा मला कचरल्यासारखं झालं. मेलेल्यांचं दुःख नव्हतं, पण पुढच्या भागात तेच विष मंगोल बनवायला शिकतात आणि गावकऱ्यांवर वापरतात. हा खरा मुद्दा! मागून वार केला की आब जातो, हे काकांचं म्हणणं मला पोचत नाही. पण तुझी युक्ती उद्या शत्रूच्या हातात असेल, हे पोचतं. लिहिणाऱ्यांनी यावर जास्त थांबायला हवं होतं, ते घाईने पुढे गेले.

आणि खेळात तर हा प्रश्न उतरतच नाही. मी प्रत्येकाला ललकारून मारलं काय किंवा गवतात दबा धरून मारलं काय, कथा एकाच ठिकाणी जाते. वर गंमत अशी की महत्त्वाच्या द्वंद्वांत गेम कुनाई (फेकायच्या छोट्या सुऱ्या), धुराचे गोळे, धनुष्य सगळं काढून घेतो. गोल रिंगण, दोघे, तलवार. म्हणजे कथा म्हणते तू आता भूत झालास, आणि खेळ म्हणतो गपचूप सामुराईसारखा लढ.

त्याहून मोठी खोट रसदेची. गनिमी काव्यात माणसं मारणं हा धंद्याचा लहान भाग. दाणागोटा अडवणं, वैरण जाळणं, शत्रूला झोपू न देणं, ही खरी लढाई. इथे मंगोल कधी उपाशी पडत नाहीत. एक तळ उठवला म्हणून शेजारच्या तळाची भाकरी कमी होत नाही, घोडे मरतुकडे होत नाहीत. सगळं बेट मोकळं केलं, पण डावपेच म्हणावा असा एकही लढवला नाही, नुसते खून केले. ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "भिया, गेम है, इतिहास का पेपर नहीं." असेल.

शुक्रवार

शेवट झाला. ज्यांना खेळायचंय त्यांनी पुढचं वाचू नये.

शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, हुकूम येतो की जिनचं डोकं पाहिजे, आणि तो बजावायला काकाच येतात. ज्याला मुलगा म्हणून दत्तक घ्यायचं होतं त्यालाच मारायला. लाल पानांखाली द्वंद्व होतं. हरल्यावर काका योद्ध्याचं मरण मागतात. आता मारायचं की सोडायचं, ते गेम आपल्याला विचारतो. इतका वेळ एकाच रुळावर चालवल्यावर शेवटी एक बटण! तरी ते दाबताना हात अडला, हे मान्य करायला हवं.

मी सोडलं. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही.

"त्याने मागितलं होतं ना? मग द्यायचं. तुझ्या रीतीने तू जग, त्याच्या रीतीने त्याला मरू दे."

मल्हारबांच्या बाजूने ताटावरून उठणारा हा माणूस! मी तसं म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?" आणि पुन्हा शेवट लाव म्हणून बसले. आता उद्या संध्याकाळी ते सगळं द्वंद्व परत लढायचंय, आणि त्यात काका मला निदान चारदा तरी मारणार आहेत.