तिखट सोडलंत का?

हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात अमळनेरच्या स्टँडवर विचारला गेला, दोन लग्नांच्या पंगतीत विचारला गेला, आणि एकदा तर सलूनमध्ये गालाला फेस लावलेला असताना. विचारणाऱ्याच्या सुरात काळजी कमी आणि संशय जास्त असतो. खानदेशातल्या माणसानं तिखट सोडलं म्हणजे एक तर त्याला मूळव्याध झाली किंवा तो पुण्याला राहायला गेला. आमचं दोन्ही झालेलं नाही. आम्हाला मुलगी झाली.

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. तिखट सोडलेलं नाही. ते भगोन्यात पडायची वेळ बदलली आहे. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सुरुवातीपासून.

लेक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, बायकोच्या माहेरी, साक्री तालुक्यात. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरताचा महिना. शेताशेतावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ, त्यात पोपटी-पांढरी लांबट वांगी, कांद्याची पात, पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कितीतरी वर्षांपासून इथला हिवाळा त्या वांग्यावरच चालत आला आहे. आणि नेमकं बाळंतिणीला वांगं वर्ज्य. वातूळ म्हणून.

मी शनिवारी संध्याकाळी जळगावहून निघून रात्री सासरी पोचायचो. पहिल्याच खेपेला सासूबाईंनी जावयासाठी शेवभाजी केली, वर दोन बोटं तर्री. समोर बायकोचं ताट: बाजरीची भाकरी, तूप, मुगाचं वरण, शेपूची भाजी, खोबरं-लसणाची बिनमिरचीची चटणी. तिला ठेच्याशिवाय घास जात नाही. ती ज्या नजरेनं माझ्या वाटीकडे बघत होती, त्या नजरेखाली माझ्याही घशाखाली काही उतरेना. पुढच्या शनिवारपासून मीही तेच मागून घेतलं. यात माझा मोठेपणा काही नाही, आधी नुसती लाज होती. तिसऱ्या आठवड्यात मात्र लक्षात आलं की शेपूला चव असते. तीस वर्षं ती मी मिरचीखाली खाल्ली होती.

(वांग्याचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं होतं की आईनं वांगं खाल्लं म्हणून बाळाचं पोट दुखत नाही. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि वांगं दिलं नाही.)

फेब्रुवारीच्या शेवटी दोघी जळगावला आल्या. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची 180 दिवसांची रजा बाळंतपणाआधीच सुरू झाली होती, ती मेच्या मध्यावर संपली, तीही उन्हाळी सुट्टीतच. त्यामुळे ती प्रत्यक्ष शाळेत गेली जूनच्या मध्यावर, तेव्हा लेकीनं सहा महिने ओलांडले होते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा नियम आम्हाला रजेच्या आणि शाळेच्या वेळापत्रकामुळे पाळता आला. ज्यांना तीन महिन्यांत कामावर जावं लागतं त्यांना उपदेश करण्याचा हक्क आम्हाला नाही.

तरी एप्रिल-मे कठीण गेले. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा 44-45 वर, कूलरमधून गरम वारा, आणि येणारी प्रत्येक बाई विचारणार, ‘पाणी नाही पाजत? एवढ्याशा जिवाला?’ पाजत नव्हतो. अंगावरच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, फक्त जास्त वेळा पाजायचं. पाण्यानं इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी जातं. पाणी अशुद्ध असलं तर जुलाब वेगळेच. हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी कुणी दारात चप्पल काढायला लागलं की माझी आईच आतून ओरडायची, ‘पानी नही देत आम्ही!’

आईचा या सगळ्यावर विश्वास बसला होता असं समजू नका. बारशाला कुणीतरी सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायला पुढे आलं, तेव्हा आईचं मत चाटवावं असंच होतं. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यात क्वचित अशा जिवाणूचे बीजाणू असतात की मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट निघून जातात आणि तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मी बाळाला उचलून गच्चीवर गेलो. भांडण टाळायचा मला जमणारा तेवढाच मार्ग आहे.

मग आला जून, आणि वरचं खाणं. तिखटाचा मुद्दा इथून सुरू होतो.

आमची कल्पना अशी होती की डाळीचं पाणी, भाताची पेज, मग डब्यातली पावडर. अंगणवाडीच्या ताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड उघडून समजावलं. डाळीचं पाणी म्हणजे जवळपास पाणीच. डाळ खाली भगोन्यात राहते आणि ती आपण खातो. घास चमच्यातून लगेच ओघळणार नाही इतका घट्ट हवा. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, दूध चालूच. आणि वेगळं शिजवत बसू नका, घरात जे शिजतं त्यातलंच काढा. फक्त वर्षभर मीठ नको, साखर तर दोन वर्षं नको.

‘घरात जे शिजतं त्यातलंच.’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. घरात त्या दिवशी फौजदारी डाळ होती, म्हणजे आमच्याकडची झणझणीत तिखट डाळ.

आदल्या आठवड्यात काय काय शिजलं ते बायकोनं कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं: शेवभाजी, पातोड्यांची रस्साभाजी, डुबुकवड्या, वांग्याची घोटलेली भाजी, खिचडी, पुन्हा शेवभाजी. खिचडी सोडली तर एकातही बाळाचा चमचा बुडवता येत नव्हता, कारण आमच्याकडे सगळं फोडणीपासून सुरू होतं. आधी तेल, मग काळा मसाला, मग लाल तिखट, तेल सुटेपर्यंत परतायचं आणि मग भाजीचं नाव विचारायचं.

मग आम्ही क्रम उलटा केला. आधी डाळ, भाजी, काय असेल ते हळद आणि लसणावर शिजवायचं. त्यातून तिची वाटी काढायची, चमच्यानं घोटायची, वर अर्धा चमचा तूप. उरलेल्यात मीठ घालायचं आणि दुसऱ्या कढईत मसाल्याची फोडणी करून वरून ओतायची. आमच्या घरात याला ‘वाटी काढणं’ म्हणतात. ‘वाटी काढली का?’ असं विचारल्याशिवाय तिखटाच्या डब्याला हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा रात्री आठ वाजता वेगळी खिचडी टाकली.

जाणकार म्हणतील की परतलेल्या मसाल्याची चव वरून ओतलेल्या फोडणीला येत नाही. खरं आहे, येत नाही. शेवभाजीचं तर असं जमतच नाही. ती पंधरा दिवसांतून एकदा, खास आमच्यासाठी होते, आणि त्या दिवशी लेकीला वरण-भात.

पण मिरचीच्या मागे लागता लागता आम्हाला सापडलं भलतंच. मिठाचा पुडा. मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तीन मोठी माणसं, म्हणजे महिन्याला साडेचारशे ग्रॅमच्या आत. मी पतसंस्थेत कारकून, त्यामुळे पुड्यावर तारीख टाकायची सवय आहे. आमचा किलोचा पुडा 24 दिवसांत संपला. त्यातलं थोडं कैरीला गेलं असेल, थोडं तांब्याची भांडी घासायला. पण शेव, पापड, बिबडे आणि विकतचं लोणचं या हिशेबात धरलेलंच नाही. आमच्या तिखट जेवणात मीठ कळत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. जितकी मिरची चढवत होतो तितकं मीठ मागेमागे येत होतं. आता पुडा चाळीस दिवस जातो. हिशेब अजून जुळलेला नाही.

आई म्हणायची, ‘मीठ बिगर पोर कशी खाई रे?’ पोर खात होती. तिला मीठ माहीतच नव्हतं, मागणार कशाला?

केळ्याची गंमत सांगतो. रावेर, यावल, चोपड्यातून केळी ट्रकनं उत्तर हिंदुस्थानात जातात. जळगावच्या केळीलाही 2016 मध्येच मानांकन मिळालं. आणि या जिल्ह्यात बाळाला केळं द्यायचं म्हटलं की दहा जण आडवे येतात, सर्दी होईल म्हणून. सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलं केळं काट्यानं कुस्करलं की बाळाचं जेवण तयार, ना शिजवायचं ना गाळायचं. आम्ही दिलं. सर्दी झाली, पण ती आम्हा तिघांना आधी झाली होती आणि आम्ही केळं खाल्लं नव्हतं.

सासरहून नागली, म्हणजे नाचणी, येते. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरपट्ट्यात पिकते. आमच्या अमळनेरकडे ती पापडापुरती माहीत. भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून तिचं पीठ सासूबाई पाठवतात, कॅल्शियमला तिच्यासारखं धान्य नाही. आणि कळणा. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळतात तो. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो उडदात असतो. उडदात जे कमी असतं ते ज्वारीत. लेकीला आठव्या महिन्यापासून त्याची भाकरी वरणात कुस्करून देतो. आई हे बघून विजयी चेहरा करते, ‘तू बी हाईच खाईसन मोठा व्हयना.’ मग मी मधाची आठवण काढतो आणि ती भांडी घासायला जाते.

चहाचं मात्र कुणी विचारत नाही, आणि खरा त्रास तिथे झाला. बाळ जन्मताना जे लोह साठवून आणतं ते सहा महिन्यांच्या सुमारास आटत येतं, दुधातून फार थोडं मिळतं, म्हणून पालेभाजी, डाळ, वर लिंबाचे थेंब. हे समजून घेता घेता बायकोचा स्वतःचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 9.4. ती रोज गोळी घेत होती आणि जेवण झालं की लगेच आमचा चहा. चहातली टॅनिन्स लोह नीट शोषू देत नाहीत. जेवणानंतरचा चहा तासाभरानं मागे ढकलायचा, एवढंच करायचं होतं. मला त्याला दोन महिने लागले. तिखटापेक्षा दुपारी एकचा चहा सुटणं अवघड, हे माझं ठाम मत झालं आहे.

बाकी एक बदल ठरवून केलेला नाही. लेक संध्याकाळी सातला जेवते. पूर्वी आम्ही साडेनऊला जेवायचो, टीव्हीसमोर, कोण काय खातंय ते न बघता. आता सातला सतरंजीवर चौघं. वरण-भाताची एक वाटी संपायला पाऊण तास लागतो. अर्धा तिच्या पोटात, पाव केसांत, पाव माझ्या बाहीवर. पहिल्यांदा भेंडी तोंडात गेली तेव्हा ती बुळबुळीतपणावर इतकी चकित झाली की तिनं ती बाहेर काढली, बघितली, परत आत घातली, परत काढली. आम्ही तिघं आपला घास हातात धरून बसलो होतो. भाजी गार झाली. असं महिनाभर चाललंय आणि कुणाचीही तक्रार नाही.

परवा डिसेंबरात तिचा पहिला वाढदिवस झाला. अमळनेरला शेतात भरीत केलं. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, सोलली, ठेचली, आणि नेहमीप्रमाणे वाटी काढली. हिरवी मिरची आणि लसणाचा ठेचा पडायच्या आधी, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप पडायच्या तर नक्कीच आधी, कारण अख्खा दाणा या वयात घशात अडकू शकतो. वाटीत वांगं, थोडी शिजवलेली कांद्याची पात, तूप. ती झाकून चुलीशेजारी ठेवली.

माझे मामा, म्हणजे तिखटाचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा विचारणारा माणूस, उशिरा आले. भुकेले होते. झाकण काढलं, भाकरी मोडली आणि बसले. आम्ही पुऱ्या वाढण्यात गुंतलो होतो. वळून बघितलं तर वाटी तळाला गेली होती.

‘भरीत चांगलं शे,’ मामा म्हणाले, ‘मीठ कमी शे.’

आईनं काही न बोलता मिठाचा डबा त्यांच्याकडे सरकवला आणि निखाऱ्यावर आणखी एक वांगं टाकलं.