गोळीनं पाय सुजले, हे मशीनले कसं समजणार?
आमच्या यवतमाळकडं केसपेपरवर एवढंच असते, ‘अ‍ॅम्लोडिपिन चालू, पायावर सूज’. सूज या बीपीच्या गोळीनं येते, पण किडनी नाहीतर हार्टच्या त्रासानंही येते, अन् असे केसपेपर वाचून गोळ्यांचे दुष्परिणाम शोधणारं मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं कॉम्प्युटरचं मॉडेल, नेमकं इथंच अडते. औषधाचं नाव शोधणं सोपं आहे हो, पण त्रास गोळीच्या आधीचा की नंतरचा, ‘सूज नाही’ असं लिहिलंय का, हे मॉडेलला माणसानं खुणा केलेल्या ढीगभर वाक्यांवरून शिकवावं लागते. आणि आमची आजी म्हणते, ‘गोई घेतली का पाय भरून येतेत’, हे कोणत्या डेटात आहे? असं बोलणं त्यात आलंच पाहिजे! २०१० पासून देशात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ वर पेशंटही फुकट फोन करून सांगू शकतो, गावात सांगा सगळ्यांना.